बदली गोलंदाज



या व्यासपीठावर मला बोलावले म्हणजे मी बोनसवर बोलणार, नाहीतर भाई कोतवालांवर बोलणार, असा आपला समज असणार. सिद्धगडच्या मुलखात तो स्वाभाविकच आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे कोतवाल आणि हिराजी पाटील याच डोंगरात गोळ्यांना बळी पडले, आणि त्यांच्याविषयी बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मी आज क्रिकेटवर बोलणार आहे. हसू नका. मी शाळा लवकर सोडलेला माणूस. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. पण त्या वाचनात एका गोलंदाजाची हकिकत अशी भेटली, की ती मला अगदी आपल्या घरातली वाटली.

हा गोलंदाज म्हणजे शार्दूल ठाकूर. पालघरजवळच्या माहीम गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १६ ऑक्टोबर १९९१. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला; त्यापूर्वी तो आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. मुंबईच्या मैदानांपासून पालघर सुमारे नव्वद किलोमीटर. विरारची लोकल डहाणूपर्यंत आली २०१३ साली, म्हणजे या मुलाचे शिकण्याचे दिवस संपल्यावर. तोवर शटल, नाहीतर लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा, आणि खांद्यावर क्रिकेटची भली मोठी बॅग. आसनगावहून पहाटेची गाडी पकडणाऱ्यांना त्या बॅगेकडे गर्दी कोणत्या नजरेने पाहते हे मी सांगायला नको.

बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला आणि प्रवासात मुलाचा जीव जातो हे ओळखून त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. लाड हेच रोहित शर्माचेही गुरू. २००६ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात या मुलाने एका षटकात सहा षटकार मारले. पण नाव झाले ते गोलंदाजीत, आणि तेही सहजासहजी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईकडून रणजीत उतरला, तेव्हा पहिल्या चार सामन्यांत अवघे चार बळी. वजन कमी कर, असेही त्याला सुनावले गेले. पुढच्या हंगामात सत्तावीस बळी, त्याच्या पुढच्यात अठ्ठेचाळीस. २०१६ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या दुसऱ्या डावात २६ धावांत पाच बळी, आणि मुंबईचे एक्केचाळिसावे विजेतेपद.

ऑगस्ट २०१७ मध्ये तो भारताकडून एकदिवसीय सामना खेळला. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेहून परतला, तो अंधेरीला लोकलमध्ये बसून घरी गेला. डब्यातल्या कॉलेजच्या मुलांनी म्हणे फोनवर त्याचे छायाचित्र शोधून खात्री करून घेतली.

मग आला १२ ऑक्टोबर २०१८. हैदराबाद, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी हा मुलगा दहा चेंडू टाकतो, आणि उजव्या जांघेचा स्नायू दगा देतो. लंगडत मैदानाबाहेर. त्या कसोटीत पुन्हा गोलंदाजी नाही.

वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. दिवसाकाठी शंभर-सव्वाशे वेळा हे चालते. कोवळ्या वयात अतिरेक झाला, तर कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो. आमच्याकडे प्रेसवरचा कामगार हाच हिशेब जाणतो: यंत्राला तेल मिळते, सुटे भाग मिळतात, हाडाला मिळते ती फक्त विश्रांती.

सव्वादोन वर्षांनी, १५ जानेवारी २०२१ ला, ब्रिस्बेनमध्ये त्याला दुसरी कसोटी मिळाली. कशी मिळाली? बुमराह, शमी, उमेश यादव, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी झाले म्हणून! जुन्या गिरणीत दरवाज्यावर बदली कामगार उभे असत. कायम माणूस आजारी पडला की त्यांचा साचा सुरू. हा तसाच बदली गोलंदाज. त्या डावातल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने हॅरिसला बाद केले. भारत ६ बाद १८६ असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी, त्यात याच्या ६७. दोन्ही डावांत मिळून सात बळी. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, तिथे ती हरली. आणि त्याच सामन्यात नवदीप सैनीच्या जांघेने दगा दिला, हे मात्र कुणाच्या फारसे लक्षात नाही. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी, ते सारे आपण पाहिलेच. असो.

मला खरे सांगायचे आहे ते मार्च २०२४ चे. रणजीच्या उपान्त्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबईची दाणादाण उडालेली असताना ठाकूरने १०९ धावा काढल्या, प्रथम श्रेणीतले पहिले शतक. पत्रकार समोर आले. अशा वेळी खेळाडू देवाचे आणि गुरूचे आभार मानतो. हा म्हणाला की सामन्यांमध्ये तीनच दिवसांचे अंतर फार कमी आहे, आणखी दोन हंगाम असेच चालले तर देशभर मुले जायबंदी होतील. बंधूंनो, ही कामाच्या तासांची मागणी आहे! आठ तासांच्या दिवसासाठी जे भांडले त्यांचीच ही भाषा. तीन महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, त्याच्याच पायावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामात रणजी दोन टप्प्यांत खेळवली गेली आणि सामन्यांतले अंतरही वाढले. ते त्याच्या बोलण्याने झाले असे मी म्हणत नाही. पण बोलला तो एकटा बोलला, हे मला खुपते.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथल्या गोलंदाजाला पिचर म्हणतात. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपराचा अस्थिबंध तुटला. डॉक्टर फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताची शिर काढून तिथे बसवली, आणि तो १९८९ पर्यंत खेळला. वरच्या संघाला पोहोचण्याआधी ही मुले वर्षानुवर्षे दुय्यम संघांत राबतात. २०१८ मध्ये तर खास कायदा करून किमान वेतनातूनही त्यांना बऱ्याच अंशी वगळले. पण २०२२ मध्ये ती मुले खेळाडूंच्या युनियनमध्ये आली, आणि २०२३ च्या पहिल्याच करारात दुय्यम संघांच्या सर्वात वरच्या पायरीचा किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला. आपल्याकडे २०१९ साली क्रिकेटपटूंची संघटना निघाली, ती निवृत्तांची. ज्याचा पाय आज जमिनीवर आपटतो आहे, त्याला तिच्यात जागा नाही.

आपल्या भागातला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. एका कारखान्यात कंत्राटदाराकडे माल चढवतो. रविवारी टेनिस चेंडूचे सामने. चांगला वेग, म्हणून प्रत्येक सामन्यात पहिले आणि शेवटचे षटक त्याचेच. एका रविवारी पाच सामने खेळला. सोमवारी कमरेतून वाकता येईना. कंत्राटदाराने नाव कमी केले. कामावर झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क १९२३ च्या कायद्याने आला. ही इजा रविवारची. मी कागद घेऊन तीन वेळा गेलो आणि तीन वेळा रिकामा परतलो. त्याच्या आईला काय सांगावे हे मला सुचेना. चार महिने तो घरी बसला.

ठाकूरला निदान शस्त्रक्रिया होती, देखरेख होती. तरीही नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतले नाही. त्याने रणजीतच पस्तीस बळी आणि पाचशेवर धावा केल्या, मेघालयाविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, मग एक गोलंदाज जायबंदी झाला म्हणून लखनौ संघाने त्याला बोलावले. पुन्हा बदली! आणि जून २०२५ मध्ये लीड्सला तो पुन्हा कसोटीत उभा होता.

तो मालवाहू मुलगाही पुन्हा खेळू लागला आहे. मागच्या स्पर्धेत गुणलेखकाशेजारी मी एक वही घेऊन बसलो आणि प्रत्येक पोराची दिवसभरातली षटके मांडली. आयोजक मंडळी इथे बसली आहेत. ती वही मी बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर पाच मिनिटे थांबावे, एवढीच विनंती.