अक्रोड, वार्धक्य आणि आपण



आज मी एका साध्या विषयावर चार शब्द बोलणार आहे. विषय आहे अक्रोड. ईदच्या बाजारातून आपल्या घरी खारीक, चारोळी, पिस्ते येतात, त्यांच्याबरोबर अक्रोडाचीही एखादी पुडी येते. अलीकडे मात्र हा अक्रोड दस्तरखानावरून उठून औषधांच्या कपाटात जाऊन बसला आहे. त्याच्या अर्काच्या गोळ्या घेतल्या की म्हातारपण लांबते, गेलेली स्मरणशक्ती परत येते, अशा जाहिराती आपण वाचतो. घरातील बुजुर्गांवर आपला जीव असतो, त्यामुळे आपला हात चटकन खिशाकडे जातो. तो पैसा योग्य ठिकाणी जातो काय, याचा आपण मिळून विचार करू या.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. फार दिवस ठेवलेला अक्रोड खवट होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्यातील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, म्हणून तो खवट होतो. अशीच झीज आपल्या शरीरातही चालू असते. पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती मिळवतात, तेव्हा काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. या कणांनी केलेली नासधूस साठत जाते व त्यामुळे वार्धक्य येते, असा सिद्धान्त डेनहॅम हरमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडला. आज वार्धक्याची इतरही कारणे मानली जातात; परंतु या कणांना आवर घालणाऱ्या द्रव्यांचे, म्हणजे अँटिऑक्सिडंटचे, महत्त्व तेव्हापासून वाढले.

अक्रोडात ही द्रव्ये भरपूर आहेत. १०० ग्रॅम गरात सुमारे ६५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि १५ ग्रॅम प्रथिने असतात. ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल सुमारे ९ ग्रॅम असते. हे तेल लवकर बिघडणारे. म्हणून की काय, निसर्गाने गरावर पातळ, तुरट, तपकिरी साल चढवली आहे. पॉलिफेनॉल नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्ये मुख्यतः त्या सालीतच असतात. कडवट लागते म्हणून काहीजण नेमकी तीच सोलून टाकतात!

आता मुद्द्याचा प्रश्न : परीक्षानळीत दिसणारा गुण शरीरातही तसाच उतरतो काय? सालीतील द्रव्यांवर आपल्या आतड्यांतील जीवाणू प्रक्रिया करतात व त्यांपासून युरोलिथिन नावाची निराळी द्रव्ये तयार होतात. ती प्रत्येकाच्या पोटात सारखी तयार होत नाहीत. अन्नपदार्थांची अँटिऑक्सिडंट शक्ती दाखविणारा एक तक्ता अमेरिकेच्या शेती खात्याने प्रसिद्ध केला होता. त्या आकड्यांवरून माणसाच्या प्रकृतीविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे ध्यानात आल्यावर २०१२ साली तो मागे घेण्यात आला.

मग माणसांवर प्रयोग झाले काय? झाले. स्पेनमधील बार्सेलोना आणि अमेरिकेतील लोमा लिंडा येथे ६३ ते ७९ वयाच्या सुमारे सातशे स्त्रीपुरुषांची पाहणी झाली. अर्ध्यांनी दोन वर्षे रोज अक्रोड खाल्ले, अर्ध्यांनी खाल्ले नाहीत. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. फक्त बार्सेलोनाच्या गटात थोडा लाभ झाल्याची चिन्हे दिसली. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल मात्र अक्रोड खाणाऱ्यांत काहीसे कमी झाले. तेव्हा हृदयाला आधार देणारे चांगले अन्न म्हणून अक्रोडाचा मान खरा आहे. स्मृतीवरचा रामबाण उपाय म्हणून तो सिद्ध झालेला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी एक प्रयोग ऐका. अमेरिकेत म्हाताऱ्या उंदरांना अक्रोड घातलेला आहार दिला. आहारात २ किंवा ६ टक्के अक्रोड होता तेव्हा उंदरांच्या हालचाली काही चाचण्यांत सुधारल्या. तेच प्रमाण ९ टक्के केले तेव्हा एका प्रकारची स्मृती उलट बिघडली. थोडे गुणकारी म्हणून पुष्कळ अधिक गुणकारी, हा हिशेब शरीर मानत नाही. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या पाहणीत बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला, असे १९९४ साली आढळले. गाजरातले बीटा-कॅरोटिन वेगळे आणि बाटलीतले वेगळे. अर्काच्या गोळ्यांकडे पाहताना हे विसरू नये.

तेव्हा पालकांनो, करावे काय? परवडत असेल तर सहा-सात अक्रोडांचा गर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, सालीसकट खावा. त्यात जवळजवळ २०० कॅलरी असतात. म्हणून तो तळलेल्या फरसाणाच्या जागी खावा, त्याच्या जोडीला नव्हे. घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावा व खवट झालेला टाकून द्यावा. लहान मुलांना अख्खे तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात. ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. आपल्या जवसात ते ओमेगा-३ अक्रोडाच्या दुपटीहून अधिक असते. जवसाची चटणी गरिबाच्या घरीही होते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : रक्तदाब वा मधुमेहाचे औषध बंद करून त्या जागी अक्रोडाचा अर्क कोणालाही देऊ नका.

शेवटी एक गोष्ट या संस्थेच्या कामाशी जुळणारी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली उतारवयातील स्मृतिभ्रंशाला कारणीभूत ठरणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणे, एकटेपणा या आहेत, आणि लहान वयात अपुरे राहिलेले शिक्षणही आहे. म्हणजे आज तुम्ही मुलीला सातवीनंतर घरी न बसवता पुढे शिकवता, तेव्हा तिच्या सत्तराव्या वर्षाचीही तजवीज करता. आजोबांसाठी बाटली घेण्याऐवजी त्यांच्या कानांची तपासणी करा, त्यांना रोज फिरायला न्या, त्यांच्याजवळ बसून बोला. उरलेल्या पैशांतून नातीला पुस्तके घ्या, आणि अक्रोड दोघांनी मिळून फोडून खावेत.