डिझेलच्या टाकीतली बुरशी

धाराशिव जिल्ह्यात पावसाळाभर उभा असलेला ट्रॅक्टर ऐन ज्वारीच्या पेरणीला गचके खाऊ लागला, तर आधी टाकीचा तळ पाहा. अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं. ते डिझेलखाली साचतं आणि दोन्हींच्या सीमेवर ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही बुरशी डिझेल खाऊन वाढते. फिल्टरवर काळपट बुळबुळीत थर दिसला, की नुसता फिल्टर बदलण्याची रीत मला पटत नाही. आधी तळाचं पाणी डब्यात काढा, टाकी डिझेलनंच धुवा, मग इंधनासाठीचं जंतुनाशक, डब्यावरच्या प्रमाणातच. गाळ तसाच ठेवून औषध घातलं, तर मेलेली बुरशी सुटून फिल्टर पुन्हा तुंबतो. पुढच्या पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा.