एक हुकूम, अडतीस सर्व्हर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून निदान दहा जणांनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नक्की काय करतेस गं?" एकाने तर घरचा प्रिंटर चालत नाही म्हणून त्याचा फोटोही दाखवला. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात उत्तर देते. प्रिंटरचं मात्र माझ्याच्याने काही होणार नाही.

तुम्ही मोबाइलवरून वीजबिल भरता किंवा तिकीट काढता, तेव्हा पलीकडे कुठेतरी सर्व्हर नावाची यंत्रं काम करत असतात. त्यांच्यापुढे कुणी बसलेलं नसतं. बहुतेकांना स्क्रीनही नसतो. त्यांच्याशी बोलायचं ते दुरून, आणि आम्ही ते एसएसएच नावाच्या सुरक्षित वाटेने बोलतो. ही वाट 1995 साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात तातू इलोनेन यांनी तयार केली, कारण त्यांच्या नेटवर्कवरचे पासवर्ड कुणीतरी चोरून ऐकले होते. पलीकडे शेल नावाचा दुभाष्या असतो. आपण ओळ टाइप करायची, त्याने ती वाचून यंत्राकडून काम करून घ्यायचं.

एक-दोन यंत्रं असतील तर हे सोपं असतं. चाळीस असतील तर तीच ओळ चाळीस वेळा टाइप करताना सदतिसाव्या वेळी हात चुकतोच. म्हणून ॲन्सिबलसारखी साधनं आली. मायकेल डिहान यांनी 2012 मध्ये ते लिहिलं. हा शब्द मुळात अर्सुला ले ग्विन यांच्या 1966 च्या विज्ञान कादंबरीतला. तिथे ॲन्सिबल म्हणजे ताऱ्याताऱ्यांमधल्या अंतरावरही क्षणात निरोप पोचवणारं यंत्र. आमचं ॲन्सिबल इतकं अद्भुत नाही. यंत्रांची यादी एका फाइलीत ठेवायची, एक ओळ लिहायची, की ते एसएसएचने प्रत्येकाकडे जाऊन तेवढं काम करून घेतं. मुळात ठरलेलं प्रमाण एका वेळी पाच यंत्रांचं. सुरुवातीला आम्ही 'पिंग' म्हणतो आणि जिवंत असलेलं प्रत्येक यंत्र 'पाँग' म्हणतं. ही आपली सकाळची हजेरीच.

यात काम सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. मॉनिटरला "खिडकी बंद कर" म्हणणं वेगळं आणि "खिडकी बंद असली पाहिजे" म्हणणं वेगळं. दुसऱ्या तऱ्हेत खिडकी आधीच बंद असेल तर मॉनिटर काही न करता परत येतो. ॲन्सिबलचे बहुतेक भाग या दुसऱ्या तऱ्हेने चालतात, त्यामुळे तेच काम दहादा सांगितलं तरी बिघडत नाही. शेलची कमांड मात्र पहिल्या तऱ्हेची. ती जशी लिहिली तशी चालते. त्या कमांडने खरोखर काही बदललं का हे ॲन्सिबलला कळत नाही, म्हणून ते दरवेळी 'बदललं' असंच लिहितं.

आता माझी गोष्ट. 2016 सालची.

आमच्या अडतीस सर्व्हरच्या डिस्का भरत आल्या होत्या. नोंदींच्या जुन्या, दाबून ठेवलेल्या डॉट जीझेड फाइली पुसायच्या होत्या. रात्रीचे अकरा वाजलेले. मी लिहिलं, नोंदींच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथल्या सगळ्या डॉट जीझेड फाइली पुसून टाक. त्या फोल्डरचं नाव लांबलचक, म्हणून आम्ही त्याला एक टोपणनाव दिलं होतं. हाताने लॉगिन करून मी ही ओळ कित्येकदा चालवली होती. ॲन्सिबलच्या साध्या 'कमांड' प्रकाराने ती नाकारली, कारण "हे करून मग ते कर" अशी जोडओळ त्याला कळत नाही. तिथे थांबून विचार करायला हवा होता. मी प्रकार बदलून 'शेल' केला आणि एंटर दाबलं.

एका मिनिटात अडतीस पिवळ्या ओळी उमटल्या. बदललं, बदललं, बदललं. चूक एकही नाही.

घडलं असं, की ते टोपणनाव माणसाने लॉगिन केल्यावर वाचल्या जाणाऱ्या फाइलीत लिहिलेलं होतं. ॲन्सिबल त्या दाराने आत येतच नाही, म्हणून त्याच्यासाठी टोपणनाव रिकामं होतं. आणि कुठे ते न सांगता शेलला नुसतं "जा" म्हटलं की तो घरी जातो, म्हणजे त्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये. शाळा सुटल्यावर आपण जायचो तसा. तिथे पोचून त्याने हुकमाप्रमाणे सगळ्या डॉट जीझेड फाइली पुसल्या. पस्तीस यंत्रांवर तिथे काहीच नव्हतं. उरलेल्या तिघांवर डेटाबेसच्या प्रती होत्या.

मला हे कळलं ते डिस्का तितक्याच भरलेल्या दिसल्या म्हणून. पोटात गोळा आला. पुढचा भाग सांगायला मला अजूनही अवघड जातं. आम्ही सगळे एकच खातं वापरायचो, त्यामुळे ओळ कुणी चालवली हे यंत्रांवरच्या नोंदीत दिसणार नव्हतं. त्या आठवड्यात त्या सर्व्हरची जबाबदारी माझ्या हाताखालच्या एका मुलाची होती. नोकरीत त्याला जेमतेम वर्ष झालेलं. मी गप्प राहिले असते तर सकाळी प्रश्न त्यालाच विचारले गेले असते. खोटं सांगायचं नाही, मी वीस मिनिटं तशीच बसून होते.

मग साहेबांना फोन केला आणि म्हटलं, "सर, मी फाइली पुसल्या आहेत. चुकून, पण मीच."

दोन यंत्रांच्या प्रती दुसरीकडे सापडल्या. तिसऱ्याच्या नव्हत्या. एका ग्राहकाला मागच्या महिन्याचा हिशेब त्याच प्रतीतून काढून द्यायचा होता. तो आम्ही चौघांनी तीन दिवस बसून कागदांवरून पुन्हा भरला. त्या चौघांत तो मुलगाही होता, कुणी बोलावलं नसताना आलेला.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. प्रत्येकाचं खातं वेगळं. पुसायच्या ओळीत टोपणनाव नाही, पूर्ण पत्ता. शक्य तिथे शेल टाळून "ही फाइल नसली पाहिजे" अशा तऱ्हेने लिहायचं, कारण ॲन्सिबलच्या रंगीत तालमीत शेलच्या ओळी सहसा वगळल्याच जातात, म्हणजे नेमक्या धोक्याच्या ओळींची तालीम होतच नाही. आणि काहीही चालवण्याआधी यंत्रांची यादी डोळ्यांनी वाचायची, मग एकाच यंत्रावर करून बघायचं, नीट झालं तरच बाकीच्यांवर.

हा शेवटचा नियम मला शाळेतच शिकवला होता. आपले पीटीचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही "दाहिने" म्हणून थांबायचात, शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवायचात आणि मगच "मूड" म्हणायचात. तेव्हा आम्हाला वाटायचं, सर उगीच उन्हात उभं करतात. दोन शब्दांमधली ती जागा कशासाठी असते, ते मला अडतीस पिवळ्या ओळी बघून कळलं.

तो मुलगा आता स्वतः एक टीम सांभाळतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. त्याच्या हाताखालच्या एका मुलीने असंच काहीतरी पुसलं होतं आणि पाच मिनिटांत येऊन सांगितलं होतं. "मॅडम, तुमच्यापेक्षा पंधरा मिनिटं लवकर," तो म्हणाला.

तर मी हे काम करते. यंत्रांना हुकूम देते, आणि देण्याआधी थोडं थांबते.