आंबाजोगाईचं ठेवणं



आम्ही घाटनांदूरचे शेतकरी, शाळा चौथीपर्यंत. कीर्तनात आळंदी सांगतो, देहू सांगतो, पंढरी तर सांगतोच. पण आपला तालुका आंबाजोगाई, त्याचं सांगायचं राहूनच जातं. रेल्वे आपल्या गावाला आली, पण समाध्या त्यांच्याकडं!

मुकुंदराजांची समाधी तिथं डोंगरात. त्यांचा विवेकसिंधू शके १११० चा, ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे माउलींच्या आधी १०२ वर्षं मराठीत ब्रह्म सांगून झालं होतं. दासोपंत बी तिथलेच. त्यांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला, ४० फूट लांब, ४ फूट रुंद. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं कापड. पोरांना आता शब्द बी ठाऊक नाही.

आता आमची चूक सांगतो. जयंती नदीकाठी हत्तीखाना आहे. खडकात कोरलेला मंडप, अंगणात दगडी हत्ती. तरुणपणी आम्ही पाच-सहा टाळकरी पावसात सापडलो. आत तीन दगड मांडून पिठलं शिजवलं. खांब धुरानं काळा झाला. सकाळी ओल्या धोतरानं घासला, निघाला नाही. शेकडो वर्षं उभा राहिलेला खांब, आम्ही एका जेवणासाठी नासला. पुढं कधी गेलो की हत्तीआधी तो खांबच दिसतो.

म्हणून चोपदारांना विनंती. शताब्दीच्या वर्षी दिंडी तिकडं दर्शनाला न्यावी. पण चूल बाहेर, मोकळ्या रानात. खांबाला खिळा नाही, मूर्तीला ऑइलपेंट नाही. हे आचाऱ्याला पातेलं उतरवायच्या आधी सांगावं.