मेमरी वाढविली, आणि यंत्र उठेना

संगणक मंद चालूं लागला म्हणजे नवा घेण्याऐवजीं त्याचीच मेमरी वाढवावी, असा विचार पुष्कळ घरांत होतो, आणि तो काटकसरीचा आहे. पट्टी आणावी, झाकण उघडावें, मोकळ्या स्लॉटमध्यें ती बसवावी, इतकेंच काम. परंतु कळ दाबल्यावर पंखे फिरूं लागले आणि पडदा मात्र काळाच राहिला, म्हणजे मंडळींचे चेहरे उतरतात. दहा वर्षांचीं छायाचित्रें, मुलीचा प्रबंध, आयकराचे कागद, सारें गेलें असेंच वाटूं लागतें.

ही भीति प्रथम दूर करूं. या भागाला स्मृतीचें नांव दिलें आहे खरें, पण वीज जातांच तो सर्व कांहीं विसरतो. तें लेखनिकाचें मेज आहे. चालू कामाचे कागद तेवढे त्यावर पसरलेले असतात. जपून ठेवलेलें सर्व कपाटांत, म्हणजे डिस्कवर असतें, आणि पट्टी बदलल्यानें कपाटाला धक्का लागत नाहीं. म्हणून अशा वेळीं डिस्क पुसून सर्व नव्यानें भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळींच मानूं नये.

आतां हातानें करावयाचें काम. वीजजोडणी काढावी, कळ कांहीं सेकंद दाबून यंत्रांत उरलेली वीज जाऊं द्यावी, आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगांतली स्थिर वीज उतरवावी. मग नवी पट्टी काढून जुनी होती त्याच जागीं ठेवावी. यंत्र उठलें, तर दोष नव्या पट्टींत किंवा तिच्या बसण्यांत आहे. उठलें नाहीं, तर हात फिरवितांना दुसरें कांहीं सैल झालें असावें. मदरबोर्डला वीज देणारी २४ टोंकांची जाड जोडणी आणि ग्राफिक्स कार्ड प्रथम दाबून पाहावें.

बहुतेक वेळां पट्टी पुरती बसलेलीच नसते. नवशिका माणूस भीतभीत दाबतो. वस्तुतः दोन्ही टोंकांना अंगठ्यांनीं चांगला दाब द्यावा लागतो आणि खटका वाजावा लागतो. कांहीं मदरबोर्डांना खटका एकाच बाजूला असतो, तेथें दुसरें टोंक वर राहिलेलें सहज दिसत नाहीं. मात्र पट्टी शिरतच नसेल तर जोर करूं नये. ती बहुधा दुसऱ्या जातीची असते. डीडीआर ४ आणि ५ या दोहोंना २८८ संपर्कबिंदु असले तरी खांच निराळ्या जागीं असते, एकीला १.२ तर दुसरीला १.१ व्होल्ट लागतात. डीडीआर ४ ची सर्व्हरसाठीं बनविलेली ‘रजिस्टर्ड’ पट्टी घरगुती यंत्रांत बसते, पण चालत नाहीं. जुन्या मालांत स्वस्त मिळाली तर एवढें पाहून घ्यावें. दुकानांतून सोनेरी कडेवर खोडरबर फिरविण्याची चाल आहे. मला ती पसंत नाहीं; आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ओलावलेलें मऊ फडकें पुरतें.

डीडीआर ५ च्या यंत्रांत आणखी एक गोष्ट आहे. नवी मेमरी दिसतांच यंत्र प्रथम तिची पारख करून घेतें, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. एएमडीच्या २०२२ सालीं निघालेल्या एएम ५ जातीच्या यंत्रांत यास कांहीं मिनिटें लागूं शकतात. अधीर होऊन वीज तोडली तर तें काम पहिल्यापासून सुरू होतें. चहा करून यावें.

एवढ्यानें न भागल्यास मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवतात, म्हणजे यंत्राची जुनी मांडणी पुसली जाते. विंडोजचें बिटलॉकर चालू असेल, तर त्यापूर्वीं त्याची ४८ अंकी किल्ली हाताशीं असावी. मांडणी बदलल्यावर यंत्र ती मागूं शकतें, आणि ती नसल्यास कपाट शाबूत असून उघडत नाहीं. डिस्कला खरा धोका असतो तो येथें.

शेवटीं प्रत्येक पट्टी एकटी, एकाच स्लॉटमध्यें घालून पाहावी. जुनी चालली आणि नवी चालली नाहीं, तर पावती घेऊन ती दुकानीं परत न्यावी. दोन्ही निरनिराळ्या चालून एकत्र चालत नसल्या, तर त्यांचें जमत नाहीं एवढेंच. सारख्याच दोन पट्ट्यांची जोडी घ्यावी, आणि पुस्तिकेंत सांगितलेल्या दोन स्लॉटांतच ती घालावी.