सात मीटरांची मूर्ति आणि रुंद कोनाचें भिंग

ज्या भिंगांत पुष्कळ दृश्य मावतें तें भिंग वापरण्यास सोपें, असा समज छायाचित्रणाची हौस असणाऱ्या मंडळींत रूढ आहे. या समजाची परीक्षा पाहावयाची असेल तर जळगांवाहून सुमारें साठ किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्यास जावें. तेथील सव्विसाव्या लेण्यांत डाव्या बाजूच्या पडवींत भगवान् बुद्धांची महापरिनिर्वाणमूर्ति भिंतींत कोरलेली आहे. तिची लांबी सुमारें सात मीटर, आणि समोर दगडी खांबांची रांग! ज्या कॅमेऱ्यांत चित्र उमटण्याची पाटी ३६ मिलिमीटर रुंद असते, त्याला नेहमीचें ५० मिलिमीटरचें भिंग लावून सबंध मूर्ति समोरून घ्यावयाची तर जवळजवळ दहा मीटर मागें हटावें लागेल, आणि मग खांब आड येतील. १८ मिलिमीटरच्या भिंगाला साडेतीन मीटर पुरतात. मूर्तीच्या एका टोकाशीं उभें राहून तिरपें चित्र घेतलें तर त्याहूनहि थोड्या जागेंत काम भागतें.

असें चित्र कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर मोठें सुरेख दिसतें. घरीं येऊन तें मोठें करून पाहिलें म्हणजे मात्र निराशा होते. जवळचा खांब रेखीव आणि मूर्तीचा दूरचा भाग धूसर! दोष भिंगाच्या माथीं मारला जातो आणि अधिक किंमतीच्या भिंगाची चौकशी सुरू होते. वास्तविक बहुतेक वेळां भिंग निर्दोष असतें. चुकलेलें असतें तें अंतर, छिद्र किंवा हात.

प्रथम अंतराचा विचार करूं. कोणतेंहि भिंग एकाच अंतरावरील वस्तु पूर्णपणें रेखीव दाखवितें. तिच्या पुढील व मागील कांहीं भाग डोळ्याला रेखीव वाटतो, इतकेंच. रुंद कोनाच्या भिंगांत हा भाग फार विस्तृत असतो, आणि म्हणूनच वापरणारा निष्काळजी बनतो. १८ मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र एफ ८ वर ठेवून सुमारें एक मीटर पस्तीस सेंटिमीटरांवर फोकस केला, तर सुमारें ७० सेंटिमीटरांपासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं रेखीव येतें. तेंच छिद्र एफ २.८ इतकें उघडलें, तर क्षितिजापर्यंतचा पल्ला साधण्यासाठीं फोकस जवळजवळ चार मीटरांवर न्यावा लागतो, आणि दोन मीटरांच्या अलीकडील सर्व भाग हातचा जातो. हे आंकडे मध्यम आकाराच्या छापासाठीं आहेत. चित्र भिंतीवर मोठें लावावयाचें असेल तर छिद्र आणखी एक पायरी लहान करावें. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसावर विसंबूं नये. काळोखांत तो जवळचा खांबच पकडतो. पडद्यावरील प्रतिमा मोठी करून फोकस हातानें साधावा.

छिद्र लहान करण्यालाहि मर्यादा आहे. एफ १६ किंवा २२ पर्यंत गेल्यास प्रकाशकिरण छिद्राच्या कडेशीं पसरतात आणि सगळेंच चित्र किंचित् मऊ पडतें. उलट छिद्र सताड उघडें ठेवल्यास कोपरे बिघडतात. एफ ८ आणि ११ यांच्या दरम्यान बहुतेक भिंगें आपलें उत्तम काम देतात. तथापि कडेला वस्तु ताणली जाते, ती कोणत्याहि छिद्रानें सुधारत नाहीं. यास्तव मनुष्याचा किंवा मूर्तीचा चेहरा कोपऱ्यांत येऊं देऊं नये.

आतां हाताची गोष्ट. लेण्यांत कृत्रिम झगझगाटी प्रकाशाला मनाई आहे, आणि तें योग्यच आहे. तिपाईसाठीं पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग मंद प्रकाशांत शटर बराच वेळ उघडें राहतें आणि हात हलतो. १८ मिलिमीटरच्या भिंगाला एक-विसांश सेकंद पुरतो असा जुना नियम आहे. परंतु आजच्या बारीक तपशील टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना त्याच्या निम्मा काळ धरणें बरें. त्यासाठीं कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता वाढवावी. चित्रांत थोडा दाणा आला तरी चालतो. हललेलें चित्र सुधारत नाहीं. कोंपर बरगडीशीं टेकवावें, श्वास रोखावा, आणि एकाच्या जागीं चार चित्रें घ्यावीं. कोरलेल्या दगडाचा आधार मात्र कधींहि घेऊं नये.

उघड्यावर निराळी अडचण येते. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावरून तटाचा दगड आणि खालचें मैदान एकाच चित्रांत घ्यावयाचें असेल, तर २८ मिलिमीटरचें भिंग एफ ८ वर ठेवून थेट क्षितिजावर फोकस करण्यांत नुकसान आहे. तसें केल्यास सव्वातीन मीटरांच्या अलीकडील तट धूसर येईल. फोकस त्याच सव्वातीन मीटरांवर आणला तर दीड-पावणेदोन मीटरांपासून पुढें सर्व रेखीव मिळेल. परंतु वैशाखांतील खानदेशी दुपारीं हें गणितहि निरुपयोगी ठरतें. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते आणि तिच्या थरांतून येणारे किरण वांकडेतिकडे होतात. त्यावर भिंग नाहीं, पहांटे उठणें हाच उपाय!

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अजिंठ्याच्याच इतिहासांत आहे. मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास पाठविलें. त्यानें वर्षानुवर्षें राबून केलेल्या नकलांपैकीं पुष्कळशा १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स यानें मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून करविलेल्या नकलांपैकींहि अनेक १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. गिलनें कॅमेराहि हातीं घेतला होता. त्याचीं जोडचित्रें १८६४ सालीं ग्रंथरूपानें छापलीं गेलीं, आणि दीडशें वर्षांपूर्वींचीं लेणीं आजहि त्यांत पाहावयास मिळतात. गिल १८७९ सालीं वारला. त्याचें थडगें भुसावळला आहे.

भिंतीवरचा रंग दिवसेंदिवस उडत आहे, दगडहि झिजतो. आज घेतलेलें चित्र उद्यां पुरावा म्हणून पाहिलें जाईल, आणि धूसर पुराव्याला मोल नसतें. ज्यांच्या घरीं कॅमेरा आहे त्यांनीं दोन मिनिटें अधिक थांबून अंतर मोजावें, छिद्र ठरवावें आणि हात स्थिर ठेवावा. त्याला पैसा लागत नाहीं.