चार अक्षरांचा चरण

मी गझलेतून अभंगाकडे आलो. तरुणपणी पहिला अभंग लिहिला तो देवालाच 'सखा' म्हणून मारलेली हाक होती. चारही चरण सहा-सहा अक्षरांचे केले, शेवटी ठसठशीत यमक जोडले. गावातल्या एका कीर्तनकार बुवांनी बोटांवर अक्षरे मोजली आणि म्हणाले, "शायरसाहेब, तुमची तर भेट झालेली दिसते! मग हाक कुणाला मारताय?"

मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, चौथा उघडा. लघु-गुरूची कटकट नाही, जोडाक्षरही एकच धरायचे. गझलेतही माशूक कधी माणूस असतो, कधी अल्लाह. पण तिथे प्रत्येक शेराच्या शेवटी रदीफ ठरल्याप्रमाणे घरी परतते. अभंगात यमक दोनदा वाजते, कान तिसऱ्यांदा त्याची वाट पाहतो, आणि येतात चारच अक्षरे, वेगळ्याच नादाची. गाणारा ती ताणून ताल भरतो. मला तर सारा विरह त्या ताणण्यातच ऐकू येतो.

'तुम्ही आणि अभंग?' असे अजूनही कुणी विचारते. मी सतराव्या शतकातल्या, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव सांगतो आणि गप्प बसतो.

तो पहिला अभंग दुरुस्त करायला मला बरीच वर्षे लागली. चौथ्या चरणातून दोनच अक्षरे काढायची होती. शब्द होता 'माझा'. तो काढवेना. शेवटी काढला, तेव्हा त्याच्याबरोबर यमकही गेले.